चार नंबर गैरहजर

पूजेला बसायला पाऊण तास उरला होता आणि जतीनचं 'माग' काही केल्या सुरू होत नव्हतं.

'माग' हे जतीनने स्वतः लिहिलेलं छोटं सॉफ्टवेअर. एखादं यंत्र रेंगाळायला लागलं, की ते नेमकं कुठे रेंगाळतं, कुणाची वाट बघत बसतं आणि कोणत्या कामात किती वेळ घालवतं, याचा माग काढायचा, एवढंच त्याचं काम. पुण्याच्या ऑफिसातल्या मोठ्या संगणकांवर ते तीन वर्षं बिनबोभाट चाललं होतं. आज मात्र डहाणूजवळच्या मसोलीत, वडिलांच्या म्हणजे गोविंदरावांच्या चिकूच्या वाडीत, नव्या शीतखोलीच्या भिंतीवर बसवलेल्या डब्याएवढ्या यंत्रावर ते सुरू केलं, की 'अशी फाईल नाही' एवढी एकच ओळ दाखवून गप्प होत होतं.

हा डबा जतीनच्या कंपनीचा. शीतखोलीतल्या थंडाव्यावर नजर ठेवायची आणि दार मिनिटभरापेक्षा जास्त उघडं राहिलं की भोंगा वाजवायचा, ही त्याची नोकरी. पण गेले दहा दिवस भोंगा वाजायचा तो दहा-दहा मिनिटं उशिरा. तोवर दार उघडं ठेवणारा दार लावून, चहा पिऊन, तंबाखू मळून मोकळा झालेला असायचा आणि मग भोंगा त्याच्या नावाने ठणाणा करायचा. काल संध्याकाळी पुण्याहून वर्षा मॅडमचा फोन आला होता. त्या जतीनच्या साहेब.

"जतीन, उद्या दोन वाजेपर्यंत उशिराचं कारण सापडलं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून तू पुण्यात. घरून काम करायचा प्रयोग करून बघितला, असं म्हणू आपण."

मॅडम रागावल्या असत्या तर जतीनला बरं वाटलं असतं. पण त्या अगदी शांत होत्या, म्हणजे ठरलेलंच होतं. आणि पुणं म्हणजे काय, हे घरातल्या चारही माणसांना ठाऊक होतं. लग्नाला आठ महिने झाले होते. दक्षा कैनाडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. तिची बदली पुण्याला व्हायची तर तोवर दोघांचे केस पांढरे व्हायचे. म्हणजे तो तिकडे, ती इकडे, आणि भेट शनिवार-रविवारी, तीही गाडीचं तिकीट मिळालं तर. गोविंदराव तोंडाने काही बोलले नव्हते, पण काल रात्री त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली होती.

"अरे, सोवळं नेसतोस का नाही?" हिरकणीबाईंनी दारातून विचारलं. "भटजी येऊन बसले. त्यांना पुढे बोर्डीला वास्तुशांत आहे."

"आई, दहा मिनिटं."

"सकाळपासून तुझी किती दहा मिनिटं झाली ते मोजलंय मी."

मुळात 'माग' का मरत होतं, हे जतीनला कळलं होतं आणि तेच त्याचं दुखणं होतं. प्रत्येक यंत्राला एक गाभा असतो. त्याच्या धंद्यातली माणसं त्याला कर्नेल म्हणतात. त्या गाभ्यात काही गोष्टी असाव्याच लागतात आणि काही हौसेच्या असतात, हव्या तर ठेवाव्या, नको तर बंद कराव्या. डबा लहान, आत जागा बेताची, म्हणून हौसेच्या बऱ्याचशा गोष्टी बनवतानाच बंद केलेल्या. कुणी बंद केल्या? जतीननेच. मागच्या दिवाळीत. जागा वाचवली म्हणून शाबासकीसुद्धा घेतली होती. आणि 'माग' लिहिताना त्याने गृहीत धरलं होतं, की या सगळ्या गोष्टी असणारच. त्यातली पहिलीच सापडली नाही, की ते पुढचं काही न बघता गाशा गुंडाळत होतं. स्वतःच खणलेल्या खड्ड्यात माणूस पडला की त्याला ओरडायचीही सोय राहत नाही.

बंद केलेलं पुन्हा चालू करावं, तर सगळा गाभाच बदलायला हवा. त्यासाठी डबा तासभर बंद ठेवायला हवा, आणि शीतखोलीत तर शेजारच्या अकरा बागायतदारांचे चिकू मुहूर्ताचे म्हणून सकाळीच येऊन पडले होते. त्या सगळ्यांना गोविंदरावांनी शब्द दिला होता. त्यामुळे गाभ्याला हात लावणं शक्य नव्हतं.

शेवटी जतीन सोवळं नेसून, उघड्या अंगावर उपरणं टाकून पूजेला बसला तो लॅपटॉप घेऊनच. शीतखोलीच्या पुढच्या पडवीत चौरंग मांडला होता. जतीन एका पाटावर, दक्षा दुसऱ्या पाटावर, आणि दोघांच्या मधे तिसऱ्या पाटावर लॅपटॉप. भटजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी डहाणूत बऱ्याच पूजा सांगितल्या होत्या. मोबाईलवर चिकूचा भाव विचारत संकल्प सोडणारे यजमान त्यांनी पाहिले होते. लॅपटॉपला त्यांनी हळदकुंकू लावलं आणि सुरुवात केली.

"वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा."

दक्षाने उजव्या हाताची बोटं त्याच्या कोपराला टेकवली. जतीनचा उजवा हात देवाला आणि डावा लॅपटॉपला, अशी वाटणी झाली. डाव्या हाताने टाइप करणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून पळण्यातला प्रकार. तीन अक्षरं लिहावीत तर त्यातली दोन चुकत होती.

"काय झालं?" दक्षाने ओठ न हलवता विचारलं. चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणायची. कुजबुजताना मात्र सरळ एकेरीवर यायची. "चाललं का तुझं?"

"नाही. नसलेलंच मागतंय ते."

तिकडे भटजींचंही तेच चाललं होतं. पूजेच्या सामानाची यादी हिरकणीबाईंनी केली होती आणि गोविंदरावांनी ती घरी विसरून डहाणूच्या बाजारातून आठवणीने सामान आणलं होतं. गोविंदरावांची आठवण नारळ, फुलं आणि पेढे इथपर्यंत पक्की होती. त्यापुढे ती अंदाजाने चालायची.

"जानवं द्या."

गोविंदरावांनी पिशवी उलटी केली. "राहिलं वाटतं."

"असू दे. यज्ञोपवीतार्थे अक्षतान् समर्पयामि. वाहा अक्षता. आता अत्तर?"

"अत्तर म्हणजे… ते दुकान बंद होतं."

"कालच गेला होतात तेव्हा उघडं होतं," हिरकणीबाई म्हणाल्या.

"असू दे, असू दे. अक्षता वाहा." भटजींचा आवाज ना चढला, ना उतरला. वस्त्र नाही, अक्षता. दागिना नाही, अक्षता. नाही त्याच्या जागी चिमूटभर तांदूळ पडत होते आणि पूजा पुढे सरकत होती.

जतीनचा अक्षता धरलेला हात हवेतच थांबला. हजारो वर्षं ही युक्ती आपल्या घराघरात चालू आहे आणि आपण मात्र पहिल्याच नसलेल्या वस्तूपाशी पूजा मोडून उठतोय! त्याने अक्षता देवावर टाकल्या की लॅपटॉपवर, ते त्यालाही कळलं नाही. डाव्या हाताने, चुकत-माकत, त्याने 'माग'ला चार ओळी शिकवल्या: जे नसेल त्याच्या जागी शून्य वाहायचं आणि पुढे जायचं.

'माग' सुरू झालं. आज पहिल्यांदाच ते शेवटपर्यंत चाललं. पडद्यावर रांगेने आकडे आले. या कामात उशीर शून्य. त्या कामात उशीर शून्य. खालपर्यंत सगळं शून्य, फक्त शेवटच्या काही ओळी पडद्याच्या खाली दडलेल्या राहिल्या. पण आनंदाच्या भरात खालपर्यंत कोण बघतो? जतीनने पडद्यावर दिसत होता तेवढ्या तक्त्याचं चित्र वर्षा मॅडमना पाठवून दिलं. सोबत लिहिलं, 'यंत्रात कुठेही उशीर नाही.' मग मान वळवून मागे बसलेल्या गोविंदरावांच्या कानात सांगितलं, "बाबा, सगळं शून्य आलं. दोष नाही."

एवढं कानातच सांगायला हवं होतं, पण कानात सांगितलेली चांगली बातमी पोटात ठेवणं हे गोविंदरावांच्या प्रकृतीला मानवत नसे. ते उठून उभे राहिले. पडवीत बागायतदार, त्यांच्या बायका, चिकू निवडायला येणाऱ्या बायांमधली जानी आणि वाढवणहून खास आलेले दक्षाचे वडील हरेश्वरभाऊ, अशी पंचवीस-तीस माणसं बसली होती.

"मंडळी," गोविंदराव म्हणाले, "पोराने आत्ता तपासलं. यंत्रात एक दोष नाय! ते उशिराचं जे काय होतं ते गेलं. बघायचंय? जिव्या, दार उघड रे खोलीचं. मिनिटाला भोंगा वाजला नाय तर माझं नाव बदला."

"बाबा, थांबा!" जतीन ओरडला. पण पूजेवरून उठता येईना; दक्षाची बोटं कोपराला आणि भटजींची नजर तोंडाला चिकटलेली होती.

जिव्या हा वाडीतला जुना गडी. सांगितलं ते करायचं आणि पुढचं सांगेपर्यंत करत राहायचं, हा त्याचा गुण. त्याने दार उघडलं आणि धरून उभा राहिला. सगळ्यांनी माना वर करून भोंग्याकडे पाहिलं. मिनिट गेलं. दुसरं गेलं. आतला गारवा पडवीत पसरू लागला आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर अंगाभोवती ओढले.

"वाजेल, वाजेल," गोविंदराव म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. वर्षा मॅडम.

"जतीन, हे काय पाठवलंस? सगळीकडे शून्य? अरे, यंत्र चालू असेल तर कशाला तरी थोडा वेळ लागणारच ना? सगळं शून्य म्हणजे एक तर ते यंत्र देव आहे किंवा बंद आहे. आणि मागे काय वाजतंय?"

"शंख, मॅडम."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "दोनला पंच्याहत्तर मिनिटं आहेत." आणि त्यांनी फोन ठेवला.

भटजींनी आरती सुरू केली. मंडळी उभी राहिली, टाळ्या लागल्या, घंटा वाजू लागली, आणि आरती ऐन भरात असताना भोंगा वाजला. दहा मिनिटं पूर्ण झाली होती. पहिल्यांदा लोकांना वाटलं, आरतीसाठी नवीन काहीतरी आणलंय. दोघातिघांनी तर त्याच्या तालावर टाळ्याही वाजवल्या. पण भोंगा आरती संपल्यावरही थांबेना, तेव्हा सगळे गोविंदरावांकडे बघायला लागले, आणि गोविंदराव बघायला लागले नारळाकडे.

"शेठ, लावू काय आता दार?" जिव्याने विचारलं. "हात गारठलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. जतीन पाटावर तसाच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर पुण्याची खोली आली, तिथला एकट्याचा गॅस, एकट्याचा डबा, आणि त्याला खरोखर रडू आलं. दक्षाने त्याचा कोपर सोडला नव्हता. पूजा संपली होती, तरी सोडला नव्हता.

"दाखव मला," ती म्हणाली.

तिने पडदा वाचला. तिला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण तक्ते तपासण्यात तिची हयात चालली होती.

"हे शून्य कुणी दिलं?"

"मीच. जे मोजायची सोय यंत्रात बंद आहे, त्याच्या जागी शून्य. अक्षतांसारखं."

"मग हे चुकलं." तिने वर्गात फळ्याशी बोलावं तसं सांगितलं. "परवा माझ्या वर्गातली रूपी चाचणीला आलीच नाही. आईबरोबर तलासरीला लग्नाला गेली होती. मी तिला शून्य नाही दिलं. 'गैरहजर' लिहिलं. शून्य दिलं असतं तर वाटलं असतं, पोरीला काही येत नाही. शून्य म्हणजे आला आणि काही केलं नाही. गैरहजर म्हणजे आलाच नाही. दोघं एक कसे?"

जतीनने कपाळावर हात मारून घेतला. देवाला अक्षता चालतात, कारण देवाला माहीत असतं काय आणलं नाही ते. वर्षा मॅडमना माहीत नव्हतं. त्यांना नुसते तांदूळ दाखवून दागिना म्हणून कसं चालेल?

आता दोन्ही हात मोकळे होते, पण तीर्थप्रसाद वाटायला यजमान हवा म्हणून हिरकणीबाईंनी त्याच्या हातात शिऱ्याचं ताट दिलं. मग तो वाकून प्रसाद देत पुढे आणि दक्षा लॅपटॉप कडेवर घेतल्यासारखा धरून मागे, अशी वरात पडवीभर फिरली.

"शून्य लिहिलंय तिथे काय लिहू?"

"गैरहजर. घ्या काकी, उजव्या हातात. अवतरणचिन्हात लिही. घ्या, घ्या. आणि गैरहजर असेल त्याची बेरीज करायची नाही."

"ते मला सांगू नकोस. निकालपत्रकं मी करते."

शेवटच्या माणसाला प्रसाद देऊन झाला तेव्हा सव्वा वाजला होता. 'माग' पुन्हा चालवलं. या खेपेला पडद्यावर वरच्या सगळ्या ओळींपुढे 'गैरहजर' आलं, आणि जी माणसं वर्गात खरोखर होती ती उठून दिसायला लागली. शेवटी, मघाशी खाली दडून राहिलेल्या ओळींत, एक ओळ अशी होती: चार नंबरच्या उत्तराची वाट बघणे, दहा मिनिटे.

"चार नंबर कोण?" दक्षाने विचारलं.

"तापमापक. खोलीत चार भिंतींना चार आहेत. डबा एकेकाला विचारतो, किती थंडी? चौथा उत्तरच देत नाही. मग डबा अर्धा मिनिट थांबतो, पुन्हा विचारतो. असं वीस वेळा. तोवर दाराकडे बघायला त्याला फुरसत नाही." जतीन बोलता बोलताच उठला आणि उघड्या अंगाने शीतखोलीत शिरला.

तो बाहेर आला तेव्हा दात वाजत होते. "ती-तीनच आहेत. चौथ्या भिंतीवर नुसता स्क्रू. वायरला नीट चिकटपट्टी लावलेली. कुणी काढला?"

गोविंदराव आता नारळ सोलायला लागले होते. प्रसादाचा नारळ फोडायचा असतो, सोलायचा नसतो, हे त्यांना माहीत होतं, पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

आणि तेव्हाच, पंख्याखालच्या खुर्चीवरून, शिरा चाटून झालेलं बोट वर करून, हरेश्वरभाऊ आनंदाने म्हणाले, "तो छोटा, पांढरा? टोकाला चकचकीत नळी? अरे, तो माझ्याकडे आहे ने!"

मग सगळा उलगडा झाला. दहा दिवसांपूर्वी हरेश्वरभाऊ शीतखोली बघायला आले होते. त्यांनी चौथ्या तापमापकापाशी उभं राहून म्हटलं होतं, "काय वस्तू आहे हो! आमच्या फ्रीजरला असं पायजे." झालं. व्याह्याने वस्तू वाखाणली आणि ती आपल्या भिंतीवर तशीच राहिली, तर गोविंदरावांना रात्री झोप लागली नसती. मुलीकडच्या माणसाला नाही म्हणायचं त्यांच्या घराण्यात कुणाला शिकवलेलंच नव्हतं. चार आहेत, तीन उरतील, असा हिशोब करून त्यांनी तो स्वतःच्या हाताने काढला, उरलेल्या वायरला चिकटपट्टी लावली, आणि मिठाईच्या खोक्यात घालून हरेश्वरभाऊंच्या हवाली केला.

"एकदम भारी चालतो!" हरेश्वरभाऊ सांगत होते. "दहा दिवस झाले, फ्रीजरात टांगलाय. पापलेट कसं ताजं राहतंय!"

"पप्पा," दक्षा म्हणाली, "तो डब्याला जोडल्याशिवाय काहीच करत नाही."

"असं कसं? पापलेट ताजं आहे ने!"

गोविंदराव जतीनजवळ आले. त्यांचा आवाज एवढा खाली आलेला जतीनने आयुष्यात ऐकला नव्हता. "पोरा, चूक माझी. तू जाऊ नये म्हणून रोज देवाला हात जोडतोय आणि मीच तुला घालवायला बसलो. पण एक कर. कागदावर व्याह्यांचं नाव नको घालू."

जतीनने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. रागवायला वेळ नव्हता आणि राग आलाही नव्हता. तापमापक परत मागायची गरजच नव्हती. जी युक्ती 'माग'ला शिकवली तीच डब्याला शिकवायची: चौथा आला नाही, तर गैरहजर मांडायचा आणि तिघांना घेऊन पुढे जायचं. हे काम वीस मिनिटांचं होतं आणि आता त्याला दहा बोटं होती. झाल्यावर त्याने जिव्याला दार उघडायला सांगितलं. भोंगा साठाव्या सेकंदाला वाजला. दोन वाजायला आठ मिनिटं असताना त्याने अहवाल लिहिला. 'कारण' या रकान्यापाशी तो क्षणभर थांबला. मग त्याने लिहिलं, 'तापमापक क्र. ४ घरगुती कारणास्तव गैरहजर.'

सव्वादोनला फोन आला.

"घरगुती कारण म्हणजे काय, जतीन?"

मॅडमशी खोटं बोलून तो कधी तरला नव्हता. त्याने सगळं सांगितलं. अत्तर, अक्षता, रूपी, पापलेट. मग पलीकडून जे ऐकू आलं, ते हसणं आहे हे कळायला त्याला वेळ लागला, कारण त्याने ते पूर्वी ऐकलेलं नव्हतं.

"अरे, इथे टेबलावर असे सहा डबे आहेत," त्या म्हणाल्या. "सहाही नीट चालतात. वर्षभरात एकदाही ही भानगड दिसली नाही. कशी दिसणार? पुण्याच्या ऑफिसात कुणाचे व्याही येत नाहीत! उद्या हे डबे गावोगाव जाणार. तिथे कुणी काही काढणार, कुणाला देणार. हे जिथे घडतं तिथे माझा माणूस हवा. तू तिथून हलायचं नाहीस. तीन तापमापकांवर चालणारी आपली ही एकच जागा, ती मी वरिष्ठांना दाखवणार आहे. आणि ऐक, तो चौथा आहे तिथेच राहू दे. परत लावलास तर तुला तिथे कशासाठी ठेवलंय, हे मला सांगता येणार नाही."

जतीनने फोन ठेवला आणि सगळ्यांसमोर दक्षाचा हात धरला. हिरकणीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गोविंदरावांनी सोललेला नारळ एकदाचा फोडला.

"पप्पा कुठे गेले?" दक्षाने विचारलं.

हरेश्वरभाऊंची खुर्ची रिकामी होती. स्कूटरही नव्हती. गोविंदरावांचं मघाचं कुजबुजणं त्यांनी ऐकलं होतं म्हणे. जावयाच्या नोकरीच्या आड आपलं पापलेट आलं, हे कळल्यावर भरल्या ताटाकडे न बघता ते वाढवणला निघाले होते. त्यांचा फोन लागेना.

पावणेतीनला स्कूटर फाटकातून आत आली. हरेश्वरभाऊ घामाने निथळत होते आणि हँडलला प्लास्टिकची पिशवी लटकत होती.

"तिथंच थांबा," हिरकणीबाई पुढे झाल्या. "रागावू नका, पण देव बसलाय आत. मासळीचा वास आहे त्याला."

"मी आत येतच नाय. जावईबापू, हे घ्या आणि लावा भिंतीला. माझ्यामुळे तुमचं असं व्हायला नको."

"अहो, ठेवा तुमच्याकडेच!" गोविंदराव म्हणाले.

"नाय, नाय. दिलंत त्यात सगळं आलं."

"दिलेलं परत घेत नाही आम्ही."

"आणि मी दुसऱ्याचं नुकसान करून वस्तू ठेवत नाय!" हरेश्वरभाऊंचा आवाज चढला. "माफी मागायला उन्हातान्हात आलो, ती पण घ्यायची नाय तुम्हाला?"

पिशवी या हातातून त्या हातात चार वेळा गेली. प्रत्येक खेपेला दोघेही जास्त नम्र होत होते आणि जास्त चिडत होते. शेवटी दक्षाने पायऱ्या उतरून ती पिशवी काढून घेतली आणि वडिलांच्या हातात ठेवून त्यांची बोटं वरून मिटवली.

"पप्पा, नीट ऐका. हे इथे भिंतीला लागलं, तर हे पुण्याला जाणार. हे तुमच्याकडे राहिलं, तर हे इथे राहणार. मॅडमनी सांगितलंय."

हरेश्वरभाऊंना ते कळायला थोडा वेळ लागला. एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. लग्नात ते सगळ्यांना जेवायला वाढत फिरत होते आणि रडायला त्यांना सवडच मिळाली नव्हती. ते राहिलेलं रडू आत्ता उन्हात, स्कूटरशेजारी आलं.

"म्हणजे हे माझ्या फ्रीजरात आहे तोवर तुम्ही दोघं इथंच?"

"हो, पप्पा."

त्यांनी खिशातला रुमाल काढला, डोळे पुसायच्या आधी त्यात तापमापक नीट गुंडाळला आणि पिशवीत घालून पिशवीला दोन गाठी मारल्या. मग एकदम काळजीने विचारलं, "गोविंदराव, हे फ्रीजरातच ठेवू ने? का कपाटात, कुलपात?"

"फ्रीजरातच ठेवा, हरेश्वरभाऊ," गोविंदराव म्हणाले. "पण कुणी वाखाणला तर देऊन टाकू नका."